रटलंडचा नकाशा, फोनवरून काढलेला

मी, गोपीनाथ दत्ताराम सबनीस, वय सहासष्ट, व्यवसाय ड्राफ्ट्समन, मूळचा चिंचवडचा, हल्ली राहणार दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, दुबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हात स्थिर आहे. शंका असल्यास अक्षर पाहावे. हे लिहायला मला कोणी सांगितलेले नाही. येत्या रविवारी माझ्या घशाचे ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे. म्हणजे उठलो तरी बोलता येणार नाही. म्हणून मालमत्तेची आणि इतर व्यवस्था आज लावतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझी पत्नी विद्युल्लता २०१४ साली वारली. मला एकच अपत्य, मुलगा सत्यजित. तो, सून अनुपमा आणि नात शुभ्रा इंग्लंडमध्ये रटलंड नावाच्या काउंटीत राहतात.

कलम १. चिंचवड येथील दोन खोल्यांचा फ्लॅट सत्यजितला मिळावा. त्याने तो विकला तरी माझी हरकत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्या पार्किंगच्या जागेत गणपतीची देवळी बांधली आहे. ती पाडू नये. जागा माझी आहे एवढे नोंदवून ठेवतो.

कलम २. बँकेत बेचाळीस हजार दिरहम आहेत, आजच्या भावाने साधारण आठ लाख रुपये. दवाखान्याचे बिल भागवून उरेल ते शुभ्राच्या शिक्षणासाठी.

कलम ३. विद्युल्लतेच्या चार बांगड्या आणि मोत्यांची कुडी अनुपमाला. कुडीतला एक मोती बदललेला आहे. कोणता, ते ओळखू येत नाही.

कलम ४. माझे अंत्यसंस्कार जेबेल अलीच्या स्मशानात व्हावेत. सत्यजितने त्यासाठी यावे अशी अट नाही. राजन पाठारे यांनी पुढाकार घ्यावा. रास अल खोरमध्ये त्यांचा फर्निचरचा वर्कशॉप आहे. गेली चार वर्षे मी त्यांच्याकडे किचनची ड्रॉइंग्ज काढतो, माझा व्हिसाही त्यांच्याच कंपनीवर आहे. शाईच्या पेनांचा संच मी जहूरला ठेवणार होतो. तो त्याच वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून संच आज सकाळीच त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "साब, ये पेन अब कौन चलाता है?" पण घेतला.

कलम ५. सात वह्या आणि एक नकाशा शुभ्राला मिळावा. वह्यांवर 'रटलंड : इतिहास, भूगोल, लोकसंख्या' असे लिहिले आहे. मजकूर मराठीत आहे आणि शुभ्राला मराठी वाचता येत नाही. मी फोनवर मराठीत विचारतो, ती इंग्रजीत सांगते, "आजोबा, इट्स रेनिंग अगेन." तरीही तिलाच द्यावे. ती तिथे जन्मली आहे.

हे लिखाण मी पुस्तके पाहून केलेले नाही. इंटरनेटवरही पाहिले नाही. सत्यजित जून २००९ मध्ये इथून गेला. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन येतो. पहिल्या फोनला आम्हा दोघांना बोलायला काही सापडेना. मी विचारले, "लोकसंख्या किती आहे तिथली?" मग तो म्हणाला, "बघून सांगतो." पुढच्या शुक्रवारी त्याने सांगितली. २००१ च्या जनगणनेप्रमाणे चौतीस हजार पाचशे त्रेसष्ट. मी लिहून घेतली. तिथून सुरुवात झाली.

भूगोल पहिल्या तीन वह्यांत आहे. काउंटी लहान, चारशे चौरस किलोमीटरही नाही. आमची दुबई तिच्या दहापट. ओकम आणि उप्पिंगहॅम ही दोनच गावे शहर म्हणावीत अशी. जमिनीत चुनखडीचा दगड. सत्यजितला तिथल्या खाणीत मोजणीचे काम मिळाले. मधोमध मोठे धरण, सत्तरच्या दशकात बांधलेले. त्यात एका खेड्याची घरे गेली. नॉर्मंटनचे चर्च वाचवले, पण त्याचा खालचा भाग दगडगोट्यांनी भरून टाकावा लागला. आता वरचे अर्धे चर्च पाण्याच्या कडेला उभे दिसते.

इतिहास पुढच्या दोन वह्यांत. ओकमच्या किल्ल्यात भिंतभर घोड्याचे नाल टांगलेले आहेत. उमराव पहिल्यांदा गावात आला की त्याने एक नाल द्यायचा, अशी रीत.

"इथे नाल उलटे टांगतात, बाबा."

"उलटे म्हणजे?"

"टोकं खाली."

"मग नशीब सांडेल की."

"हे लोक म्हणतात, सरळ टांगला तर खोबणीत सैतान बसतो."

त्या दिवशी तो हसला होता. तारीख वहीत आहे.

१९७४ मध्ये सरकारने ही काउंटी शेजारच्या लेस्टरशायरमध्ये घातली. तेवीस वर्षे ती कागदावर नव्हती. लोक पत्त्यात जुनेच नाव लिहीत राहिले. १९९७ मध्ये ती परत वेगळी झाली. हे सांगून तो म्हणाला, "परत मिळालं पण त्यांना." मी विचारले, "पाऊस किती पडतो वर्षाला?"

लोकसंख्या दोन वह्यांत. १८०१ साली सोळा हजारांच्या वर. २०११ साली सदतीस हजार तीनशे एकोणसत्तर. त्यात आमचे तीन.

नकाशा एकास पन्नास हजार या प्रमाणात आहे. तो फोनवरून काढला आहे. सत्यजित सांगायचा, ओकमहून उप्पिंगहॅम दक्षिणेला दहा किलोमीटर, रस्ता कुठे वळतो, चढ कुठे आहे. मी रेघ ओढायचो. चुकले की पुढच्या शुक्रवारी दुरुस्ती. आज तो एकेचाळिसाव्या दुरुस्तीवर आहे. पूर्वेची हद्द मला अजून नीट बसलेली नाही. सत्यजितचे घर त्यावर नाही. गाव उप्पिंगहॅम, एवढे मला माहीत आहे. घर कोणत्या अंगाला आहे, खिडकीतून काय दिसते, हे मी कधी विचारले नाही. त्याने सांगितलेही नाही.

विद्युल्लता गेली तेव्हा तो दोन दिवसांसाठी आला होता. जेबेल अलीहून परत येताना टॅक्सीत आम्ही त्या चर्चविषयी बोललो. दगड कुठून आणले, भराव किती फूट. घरापर्यंत तेवढेच बोललो.

कलम ६. हे कलम मालमत्तेचे नाही.

२००९ च्या मार्चपर्यंत मी एका बांधकाम कंपनीत ड्रॉइंग विभागाचा प्रमुख होतो. सत्यजित माझ्याच विभागात होता. जहूरही. आम्ही बारा जण होतो. मंदी आली आणि कामे एकामागून एक थांबली. क्रेन उभ्या होत्या, पण हलत नव्हत्या. विमानतळावर लोक गाड्या सोडून जात असल्याचे रोज ऐकू येई. मॅनेजरने मला बोलावले आणि चार नावे मागितली. कोणती, ते त्याने सांगितले नाही. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

रीत अशी होती की शेवटी आलेला आधी जातो. त्या रीतीने चार नावे सरळ निघत होती. जहूर त्यांत दुसरा होता. सत्यजित नव्हता. तो पाचवा होता. मी चौथे नाव खोडले आणि तिथे सत्यजितचे घातले, आणि ते वर नेऊन पहिले लिहिले. कोणी बोट दाखवू नये म्हणून, असे मी विद्युल्लतेला सांगितले.

तिने विचारले होते, "चौघं कोण कोण?"

मी तीन नावे सांगितली.

"आणि?"

मी सांगितले. तिने गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत गेली. त्यानंतर दर शुक्रवारी फोन वाजला की ती आधी माझ्या हातात द्यायची. मरेपर्यंत.

कोणी बोट दाखवणार नव्हते. यादी दिली तेव्हा मॅनेजरने पहिले नाव वाचले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "गुड मॅन, गोपीनाथ." ते शब्द मला आवडले. हे लिहून ठेवणे आवश्यक आहे.

व्हिसा रद्द झाला की तेव्हा तीस दिवसांत देश सोडावा लागे. मोठ्या मुलाला बापाच्या व्हिसावर राहता येत नाही. अनुपमाला चौथा महिना होता. ती फिजिओथेरपिस्ट. तिने जिथे जिथे अर्ज केले त्यांत रटलंडमधून आधी उत्तर आले. कागद होईपर्यंत दोघे चिंचवडच्या फ्लॅटवर राहतील असे ठरले होते, पण सत्यजितने कंपनीकडून जूनपर्यंत मुदत मागून घेतली आणि इथूनच गेला. मी २०१५ पर्यंत नोकरीवर राहिलो.

यादीत माझे स्वतःचे नाव लिहावे हे मला तेव्हा सुचले नाही. सुचले तेव्हा शुभ्राचा जन्म झाला होता.

सत्यजितला वाटते, मॅनेजरने नावे काढली. मी तसेच वाटू दिले. दर शुक्रवारी मी सांगेन म्हणतो आणि पावसाचे विचारतो.

कलम ७. वरील हकीकत मी वेगळ्या कागदावर लिहून लखोट्यात बंद केली आहे. लखोटा माझ्या मृत्यूनंतर सत्यजितला द्यावा. माझ्या हयातीत देऊ नये.

इथवर लिहून मी साक्षीदारांना बोलावले. राजन पाठारे पेन काढून तयार होते. म्हणाले, "सबनीस, आत काय आहे ते तुमचं खाजगी. कुठे सही करायची तेवढं दाखवा." कायद्याने तेवढे पुरते. पण जहूर बसून राहिला. तपासल्याशिवाय ड्रॉइंगवर सही करायची नाही, ही सवय आमच्या विभागात मीच लावली होती. त्याला लागलेली सवय त्याने सोडलेली नाही. तो मुंब्र्याचा आहे, मराठी वाचतो. त्याने एकेका ओळीखाली बोट ठेवून सगळे वाचले. सहाव्या कलमाशी मी घाबरलो. त्याचे नावही त्यात आहे.

तो म्हणाला, "मेरा नाम तो कायदे से था, साब. उसका क्या." मग सातव्या कलमावर बोट ठेवून म्हणाला, "ये गलत है."

"काय गलत?"

"सत्यजित को मालूम है."

पाठारे उठून बाहेर जाऊ लागले. मी त्यांना बसा म्हटले.

जहूरने सांगितले ते असे. स्वतःचा व्हिसा रद्द करायचे कागद घेऊन तो झेरॉक्सला गेला. मशीनचे झाकण उघडले तर काचेवर एक कागद राहिलेला होता. चार नावे, हाताने लिहिलेली. माझे अक्षर विभागात सगळे ओळखत. मी ड्रॉइंगवर लिहितो तसेच सगळीकडे लिहितो, सरळ, एका उंचीचे. जहूरने तो कागद नेऊन सत्यजितला दाखवला.

"काय म्हणाला तो?"

"बोला, बाबांचं अक्षर चांगलं आहे ना?" जहूरने एवढे मराठीत सांगितले. "फिर कागज फाड दिया. मेरे को बोला, जहूरभाई, बाबा को पता नहीं चलना चाहिए कि मुझे पता है. वो सो नहीं पाएंगे."

"दहा वर्षं तू मला सांगितलं नाहीस."

"जबान दी थी, साब. आज आपने खुद लिखा, तो जबान खलास."

मी पाणी प्यायलो. घशाला त्रास झाला. पाठारे म्हणाले, "आज राहू द्या. उद्या करू सह्या." मी नको म्हटले.

मी वह्या काढल्या. एक एक पान पाहिले. आजवर मी समजत होतो की संभाषण मी चालवतो, प्रश्न मी काढतो. प्रश्न माझे होते हे खरे. पण खाणीत दिवसभर काम करणारा माणूस आपणहून १८०१ ची जनगणना शोधायला जात नाही. भराव किती फूट, हे विचारत फिरत नाही. पाचशेहून जास्त शुक्रवार त्याने मला काहीतरी लिहून घ्यायला दिले. मला यादीचे सांगावे लागू नये म्हणून.

कलम ७ रद्द. लखोटा मी दोन्ही साक्षीदारांसमोर फाडला आहे. या कलमावर आडवी रेघ मारून शेजारी सही केली आहे. खाडाखोड समजू नये.

कलम ८. आज गुरुवार. उद्या दुपारी फोन येईल. ऑपरेशनचे त्याला माहीत आहे. आवाजाचे मी सांगितलेले नाही. तेही उद्या सांगेन.

उद्या मी रटलंडविषयी काही विचारणार नाही. यादी मी लिहिली, एवढे सांगेन. तुला माहीत होते हे मला कळले, हेही सांगेन. क्षमा मागायची की नाही, ते ठरलेले नाही. ती मागितली तर त्याला काहीतरी द्यावे लागेल, आणि त्याने बरेच दिले आहे. त्याला बोलता आले नाही तर मी थांबेन. मला बोलता आले नाही तरी फोन माझ्याकडून ठेवला जाणार नाही.

या कलमाची अंमलबजावणी मी कोणावर सोपवलेली नाही. बाकी कलमांसाठी राजन पाठारे यांना व्यवस्थापक नेमतो.

हे सर्व मी वाचले, समजलो आणि खाली सही केली.

गोपीनाथ दत्ताराम सबनीस

आम्ही खाली सही करणारे सांगतो की श्री. सबनीस यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, कलम ७ वर रेघ आमच्यासमोर मारली, आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. त्या वेळी ते पूर्ण शुद्धीत होते.

१. राजन पाठारे, रास अल खोर

२. जहूर अहमद, मूळ राहणार मुंब्रा (संपूर्ण वाचून)

स्थळ : दुबई
गुरुवार, दिनांक १४ नोव्हेंबर २०१९