बुटांपाशी कुणी नव्हतं

तात्या, मी डोंगर चढून आले. आपल्या गावचा नव्हे, तो राहिलाच. समुद्रातल्या एका बेटावरचा, सायप्रस म्हणतात त्याला, इथून शारजाहून विमानानं चार तास. सात दिवस नुसतं चालायचं, कधी डोंगर, कधी हजारो वर्षांची देवळं, आणि पुढं वाट दाखवणारी एक बाई. ठरवलं नातीनं. मुलगा म्हणाला, "आई, गुडघे बघ तुझे. खलास, विषय संपला." म्हटलं, तुझा संपला असेल. शेवटी तोही आला बरोबर. शारजाच्या उन्हात कोण चालतंय, म्हणून दोन महिने आमच्या इमारतीचे नऊ मजले रोज जिन्यानं चढले. वॉचमन विचारायचा, "माताजी, लिफ्ट बंद है क्या?" मी म्हणायची, "लिफ्ट चालू है, मैं भी चालू है." हसत सुटायचा बिचारा.

तुम्हाला चैत्रातली जत्रा आठवत असेल. सगळं घर देवीच्या डोंगराला निघायचं. पहिल्या पायरीशी चपला काढायच्या, आणि चोरीला जातात म्हणून कुणीतरी खाली बसायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. भाऊ उड्या मारत वर पळतात आणि तुम्ही म्हणता, "पोरी, तू बस इथं. वर काय आहे, दगडच आहेत." मी सगळे जोड ओळीनं लावते, तुमचा सगळ्यांत पुढं, करकर वाजणारा. उतरताना तुम्ही माझ्यासाठी खोबऱ्याचा तुकडा आणायचात, न चुकता, तेही मी विसरले नाही. पण एका वर्षी मला राहवलं नाही. पळत एकवीस पायऱ्या चढले, मोजल्या होत्या, वळणापलीकडं काय आहे तेवढं बघायला. परत येते तर तुमचा जोड गायब. पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात, "एवढं एक काम सांगितलं होतं, तेही हिला जमलं नाही." आणि तापल्या वाटेनं अनवाणी घरी गेलात, एकदाही मागं न बघता. मी मागून चालत होते. त्यानंतर चौथीत शाळा सुटली, मग लग्न, मग पोरंबाळं. वळणापलीकडं काय होतं ते मला अजून माहीत नाही.

बेटावर काय मजा आली सांगू! चिंचेसारख्या काळ्या शेंगांची झाडं, चावून बघितली तर गुळासारखी गोड. एका पडक्या घराची जमीन सगळी रंगीत खड्यांची, त्यात मोर काढलेला. नातीला म्हटलं, माझ्या पैठणीचा पदर यांनी कधी बघितला? वाट दाखवणारी बाई साठीची, केस पुरुषासारखे बारीक कापलेले, चालायला शेळीसारखी चपळ. तिची भाषा मला येईना, माझी तिला. पण दुसऱ्या दिवशी मेथीचे ठेपले काढले आणि आमचं जमलं ते जमलंच.

शेवटच्या दिवशी देवीचा डोंगर. तिचं नाव काही माझ्या जिभेवर बसत नाही. पायथ्याशी मुलानं झाडाखाली पिशव्या टेकवल्या, घाम पुसला आणि म्हणाला, "आई, तू आता इथं सावलीत बस. बॅगांकडे लक्ष ठेव. वर काही नाही गं, दगडच आहेत."

तात्या, तुमचाच आवाज. त्याला मी ही गोष्ट कधी सांगितलेलीही नाही. मी काठी घट्ट धरली. म्हटलं, "माझं बसून झालं. आता तू बस."

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही. परवापासून लंगडतोयस, मला दिसत नाही होय?"

नात टाळ्या वाजवायला लागली. "बाबा, यू स्टे विथ द बॅग्ज! आजी, यल्ला, चल!" आणि बसला हो, मुकाट्यानं, पायाचा फोड चोळत.

दीड तास लागला मला. तीनदा टेकले, चौथ्यांदा टेकणार होते, तर बाईनं हात दिला. वर ना छप्पर, ना मूर्ती. पण उंबरा होता, मधोमध झिजलेला. तो दिसला आणि पाय आपोआप थांबले, मी बूट काढले. बाई हातवारे करते, घाल, घाल, काटे आहेत. नात म्हणते, "आजी, इट्स जस्ट अ रुइन!" असेना. देवीच्या दारात मी बुटांनी जाणार नाही, आणि बुटांपाशी बसणारही नाही. दगड तव्यासारखे तापलेले, काटेही टोचले. पण खाली एवढा निळा समुद्र, की मी मोठ्यानं हसले. एकटीच. मग त्या बाईनंही बूट काढले.

तुम्ही खोटं बोलत नव्हतात, वर खरंच दगडच होते. पण ते माझं मला बघायचं होतं, तात्या. तेव्हाही. या चैत्रात गावचा डोंगर चढणार आहे. मुलाला सांगून ठेवलंय, विचारलेलं नाही. नात म्हणते, काय लिहितेस, दे, टाईप करते. नको म्हटलं. हे त्या बुटांच्या खोक्यात ठेवते, कुणाला दाखवायचं नाही. कारण एवढा तोरा मिरवते खरी, पण वर उभी असताना मी दोनदा मागं वळून बघितलं, बूट आहेत ना जागेवर म्हणून.