एका तासाच्या आत

ता. २ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या कार्यालयाचा फॉर्म तुझ्या आरोग्य केंद्रात आला असेल. टाळाटाळ करू नकोस. तिथली एकटी नर्स तू, म्हणजे भरणारही तूच. बावीस देशांत आम्ही एकच विचारतोय, की रुग्णाला दवाखान्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो. तासाच्या आत असेल तर नकाशावर हिरवा ठिपका. आतापर्यंत आलेल्या फॉर्मांवरून आपला भाग हिरवागार आहे, साहेब खूश आहेत. आत्याला सांग, तिचा धांदरट भाचा आता जगाची मापं काढतो.

तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे.
धाकटा

ता. १९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आत्या गेली, एवढंच फोनवर सांगता आलं. तुला विमान मिळालं नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस.

परसात भाजी तोडताना तिला साप चावला. शेजाऱ्यांनी वीस मिनिटांत माझ्याकडे आणलं. आपल्या पायांनी आत आली, वर मलाच धीर देत होती. औषध फ्रिजमध्ये होतं. फ्रिजला कुलूप, किल्ली डॉक्टरांकडे, आणि ते येतात आठवड्यातून एकदा. त्यांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही असा नियम, आणि मी नियमाने वागणारी. फोन लावत बसले. तिच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, तेव्हा कुठे दगडाने कुलूप फोडलं आणि इंजेक्शन दिलं. मोठ्या हॉस्पिटलच्या वाटेवर गाडीतच तिचा श्वास थांबला.

तुझा फॉर्म काल भरला. पोहोचायला वीस मिनिटं, असं लिहिलं. पुढचं तुम्ही विचारलंच नव्हतं.

वेळेवर जेवत जा.
ताई

ता. ३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन साहेबांकडे गेलो. म्हटलं, आपल्या तक्त्यात माझी आत्या वेळेत पोहोचलेल्यांत धरली आहे; उपचार कधी मिळाले, हेही विचारायला हवं. ते म्हणाले, फॉर्म मध्येच बदलता येत नाही, हवी तर रजा घे. मग इतर देशांतल्या सहकाऱ्यांना मीच लिहिलं. हा प्रश्न विचारायला सात जण तयार झाले. एकीने कळवलं, की तिचे वडीलही असेच दवाखान्यात, औषधांच्या बंद खोलीबाहेर वारले. साहेब आता माझ्याशी बोलत नाहीत. नवा फॉर्म सोबत आहे.

तुला रात्रंदिवस काय खात असेल, ते कळतं. जवळ नाही, याचं वाईट वाटतं.

माया कमी करू नकोस.
धाकटा

ता. ३० जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फॉर्म भरला. महिन्यात एकशे चाळीस आले, त्यांतल्या एक्केचाळीस जणांना त्या दिवशी उपचार मिळाले. बाकीच्यांपुढे ‘परत पाठवले’ लिहिताना एकेकाचा चेहरा आठवत होता. खाली माझी सही आहे.

फ्रिजला नवं कुलूप आलं, त्याची दुसरी किल्ली मला मिळाली. त्याच लखोट्यात कुलूप फोडल्याबद्दल खुलासा मागणारी नोटीस होती. खुलासा धाडला. फोडलं हे खरं, असं कबूल केलं, आणि खाली लिहिलं, की तासभर उशिरा फोडलं.

दोन ओळी तरी लिहीत जा.
ताई