पथ्याची वही

ती. ताईस,

तुला आणि आईला नमस्कार. मी मजेत आहे. आतड्याच्या सुजेसाठी दूध, तिखट सगळं बंद केलंय. गोळ्या वेळेवर घेतो. तू पाठवलेली पावडर डॉक्टरांना विचारूनच सुरू करीन.

पण डोकं चक्रावलंय. रोज काय खातो ते डॉक्टरांनी वहीत लिहायला सांगितलं होतं. काल वही चाळून म्हणाले, "इतकं पथ्य पाळता, मग रक्त का पडतंय?"

कॅन्टीनमधली झणझणीत भाजी मी वहीत लिहिलीच नव्हती. का, ते मलाच कळेना. डॉक्टर थोडेच कान धरणार होते! घरी पत्रं लिहून लिहून हाताला ही खोडच लागली असावी.

आता सांग, आईचे गुडघे खरंच बरे आहेत, की तूही माझ्यासारखंच लिहितेस?

तुझा गोंधळलेला धाकटा