पट्ट्यावरचा की धुरावरचा

मिस्त्री, धुरावरचा पंप फुकट चालतो असं आपण म्हणायचो, त्या फुकटाचा हिशेब आज मांडला. एक पिस्टन वितळला, हेड गॅस्केट जळलं, आणि पंधरा दिवस तुम्ही माझ्याशी "पाना दे" यापुढे बोलला नाहीत.

हे आठवायला एक गिऱ्हाईक कारण झालं. राहतो कोथरूडला, नोकरी हिंजवडीत कॉम्प्युटरवर. पेट्रोल गाडी चांगली आहे, पण ताकद कमी पडते म्हणतो. "काका, सुपरचार्जर की टर्बो? तुम्ही म्हणाल ते फायनल." लॅपटॉपवर आलेख दाखवले, मी मान डोलावली. कळलं अर्धंच. दोन्ही पंप इंजिनात हवा कोंबतात, एवढं तुम्हीच शिकवलेलं. सुपरचार्जर पट्ट्यावर फिरतो, इंजिनाच्याच ताटातलं खातो, पण पाय दाबला की हजर. टर्बो बाहेर निघालेल्या धुरावर जगतो, मात्र धूर जमेपर्यंत ताटकळत ठेवतो. याचा रोजचा रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरचा, म्हणजे पट्ट्यावरचा बरा. पण रविवारी हा साताऱ्यापर्यंत गाडी पळवतो, तिथे धुरावरचा. सकाळी मी एक ठरवतो, चहा झाला की दुसरं. चुकलो तर त्याचं इंजिन जाणार, आणि उद्या तो उत्तर घ्यायला येणार.

वर तुमची पाटी. 'येथे टर्बो बसवून मिळणार नाही. कारण विचारू नये.' नव्या गॅरेजवरही मी तीच लावली. त्यानं वाचली आणि विचारलंच, "पण काका, कारण काय?"

"वाचता येतं ना तुला?" मी म्हणालो. दोघंही हसलो. माझ्या कानाला इंजिन फसवू शकत नाही, हे मी गिऱ्हाइकांना इतकी वर्षं ऐकवतोय, आणि त्याला मात्र पाटीकडे बोट दाखवलं.

तेव्हा बाजारात दर महिन्याला नवी गाडी येत होती आणि आपली जुनी पेट्रोल गाडी सगळ्यांच्या मागे पडत होती. तुम्ही भंगारातल्या डिझेल जीपचा टर्बो आणलात, धायरीच्या शेडमध्ये आपण तो बसवला. कात्रजच्या घाटात गाडी नुसती सुटते. तुम्ही टोपी मागे सारून हसताय. मध्येच विचारता, "अरे, हा कसला टकटकाट?" मी खिडकीतून कान बाहेर काढतो. "वॉल्व्हवरचे टॅपेट ढिले झालेत, मिस्त्री, नुसता आवाज आहे. दाबा बिनधास्त." तुम्ही दाबता. बोगद्याच्या अलीकडे मागं निळा धूर, आणि गाडी गप्प.

"पेट्रोलला हे धुरावरचं अन्न पचत नाही," म्हणालात आणि पाटी रंगवायला दिलीत. तेव्हापासून तोच आपला कायदा. आता तो पाळावा की मोडावा हे कळेना, म्हणून तुम्हाला विचारायला बसलो. विचारून तरी काय, तुम्ही माझ्याच कानावर भरवसा ठेवून ठरवलं होतंत. हे पत्र तुमच्या हयातीत लिहायचं होतं, तेव्हा धाडस झालं नाही.

हेड उघडायच्या आधी तुम्ही जेवायला गेला होतात. तेवढ्यात मी टॅपेटच्या फटी मोजल्या होत्या. आठही बरोबर होत्या. तो टकटकाट टॅपेटचा नव्हताच, इंजिन 'थांबा' म्हणत होतं, आणि मी 'दाबा' म्हणालो.