डाव्या हाताची पोळी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या कबरीजवळ लावलेला कडुलिंब आता आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळाच्या पत्र्याच्याही वर गेला आहे, आणि मी आज कुठे पत्राला बसले आहे. बसले म्हणजे मी नुसती बोलते आहे; लिहिते आहे माझी नात. तिला आधीच बजावून ठेवलं आहे, मी जे बोलेन ते उतरवायचं, मधे शहाणपणा करायचा नाही. तरी ती माझ्या 'मले'चं 'मला' करून राहिली आहे. म्हणते, "आजी, त्या शिकवनाऱ्या बाई होत्या ना, त्याईले शुद्ध नको का?" करू दे. तुम्हालाही आमच्या बोलण्याचं हसू यायचं. तुम्ही नगरकडच्या, बायकांना शास्त्र वाचून दाखवायला आणि अक्षरं शिकवायला म्हणून या गावात आलात आणि इथल्याच मातीत राहिलात, पण 'काऊन' हा शब्द शेवटपर्यंत तुमच्या तोंडात नीट बसला नाही. म्हणायला जायच्या आणि मधेच 'का गं' व्हायचं.

अक्षरांची गोष्ट काढली आहे तर आधी तेच उरकते. तुमच्या हाताला बोटं अशी नव्हतीच, नुसती पेरं होती. महारोग औषधानं बरा झालेला, डॉक्टरचा कागद तुमच्या पेटीत असायचा, आणि कोणी टक लावून बघितलं की तुम्हीच सांगायच्या, "रोग गेला, जाताना बोटं तेवढी घेऊन गेला." त्या दोन पंजांमध्ये खडू धरून तुम्ही पाटीवर लिहायच्या आणि ते अक्षर असं यायचं, जसं कोणी रांगोळीच काढली. मी समोर बसलेली आहे, नवी सून, कापूस वेचून बोटं सुईसारखी झालेली, आणि माझा 'ग' दर वेळी उताणा पडतो आहे. तुम्ही एकदा चिडून म्हणालात, "दहाच्या दहा बोटं दिलीत देवानं, आणि एक अक्षर निघेना?" मी म्हटलं, "बाई, बोटं मले देल्ली, अक्षर तुमाले देल्लं. त्याचा हिशेब त्याले विचारा." तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात आणि पाटी उचलून ठेवलीत. तेव्हापासून मी अंगठेबहाद्दर. तुमच्या हातून सुटलेली मी एकटीच.

पण ऐकायची मात्र मी मन लावून. एका माणसाची गोष्ट तुम्ही पुन्हा पुन्हा सांगायच्या. त्याच्या अंगात काहीतरी काटा होता. त्यानं देवाला तीनदा विनवलं की हा काढ, आणि देवानं काढला नाही; सांगितलं की माझी कृपा आहे ना, तेवढ्यात भागव. मी तुम्हाला विचारायची, पण काटा कशाचा होता? तुम्ही म्हणायच्या, ते सांगितलेलं नाही. आता हे काय झालं, बाई? एवढं मोठं शास्त्र, त्यात मुख्य तेच सांगितलं नाही! तुमच्यानंतर देवळात उपदेशाला किती पाळक आले, मी प्रत्येकाला विचारलं. एक म्हणाला डोळ्यांचं दुखणं असेल, एक म्हणाला फिट येत असेल. माझं मत, त्याच्या घरात सासू असावी. आणि तीनदा मागून गप्प बसला म्हणजे काटा काही फार मोठा नसावा. मी तर रोज मागते.

तुम्हालाही विचारलं होतं मी. तुमच्या ओसरीवर आपण तूर निवडत होतो. म्हटलं, "बाई, तुमी बोटं वापस मागतली का नाई कदी?" दुसरी कोणी असती तर राग आला असता. तुम्ही खडा बाजूला टाकत म्हणालात, "मागितली. पुष्कळ वर्षं. एक दिवस मागायचं विसरले, आणि त्या दिवशी कळलं की माझं जिथं सरतं तिथं तो आधीच येऊन बसलेला असतो." मी नुसती मान हलवली. मला काही कळलं नव्हतं. कुठे बसलेला असतो? तुरीच्या सुपात? खरं सांगते, तेव्हापासून मी बघत आले आहे कुठे दिसतो का.

मुठीचा डबा अजून चालू आहे, हे तुम्हाला सांगायला हवं. तुम्हीच तो नियम घातला होता: मंडळीतल्या प्रत्येक बाईनं कणीक मळायच्या आधी एक मूठ पीठ बाजूला काढायचं, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच पिठाची पोळी प्रभुभोजनाला करायची. एक पोळी, सगळ्यांनी तिचाच तुकडा मोडायचा, आणि वाटीत मनुकांचं पाणी. तुमची मूठ वळायचीच नाही, म्हणून तुम्ही दोन्ही पंजे जोडून ओंजळीनं पीठ घालायच्या. बायका म्हणायच्या, बाईची मूठ सगळ्यात मोठी.

पोळी करायचा मान एका म्हातारीकडे होता. ती वारली, आणि पुढच्या पहिल्या रविवारच्या आठवडाभर आधी तुम्ही सहज म्हणालात, "या वेळी मी करते." देवळात बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तुमच्या लक्षात आलं नसेल असं मला तेव्हा वाटलं होतं. मी किती भोळी होते बघा. विहिरीवर मात्र बायकांची तोंडं सुटली. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "बाई देवमानूस हाये, पन तिच्या हातची पोळी? मी तं तोंडात नाई घालत बा." रविवारी सकाळी मी तुमच्या घरी येते तर तुम्ही चुलीपुढे बसला आहात, दोन पंजांमध्ये लाटणं फिरवता आहात, कपाळाला पीठ लागलं आहे आणि घामानं त्याची कणीक झाली आहे. पोळी एका अंगानं जाड, कडेला चिरलेली. तिला तुम्ही असं निरखत होतात जशी ती तुमची पोरगी आहे आणि तिला सासरी धाडायची आहे. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलीत. "तू ने. माझ्या हातून ताट कलंडेल."

आणि मी ती नेली, बाई. आमच्या गोठ्यापर्यंत नेली. तिथे मी पहाटेच करून ठेवलेली माझी पोळी होती, गोल, पातळ, तेलाचं बोट लावलेली. फडक्यातली काढली, माझी घातली. तुमची समोर बांधलेल्या बकरीला टाकली. मंडळीनं तुमची पोळी तुमच्या डोळ्यांदेखत ताटात तशीच ठेवली असती तर तुम्हाला काय वाटलं असतं, म्हणून.

त्या दिवशी सगळ्यांनी खाल्ली. सासूबाईंनीही खाल्ली, कारण पोळी बदलल्याचं मी त्यांच्या कानात सांगितलं होतं, आणि त्यांच्या कानातलं गावभर व्हायला वेळ लागत नसे. तुम्ही दाराजवळ बसायच्या, तुमचा तुकडा शेवटचा. तो तुम्ही तोंडात घातलात आणि फार वेळ चावत राहिलात. मग माझ्याकडे बघितलंत. बाहेर आल्यावर मीच पुढे होऊन म्हटलं, "बाई, सगळ्याईनं खाल्ली. कोनी काई म्हनलं नाई." तुम्ही म्हणालात, "हो का? बरं झालं." एवढंच. आणि पुढच्या शनिवारी मुठीचा डबा डोक्यावर घेऊन तुम्ही स्वतः आमच्या दारी. डबा माझ्यापुढे ठेवलात, म्हणालात, "यापुढे तू करत जा. तुझी पोळी मऊ होते. मंडळीला मऊच बरी." मी त्या मऊपणाच्या कौतुकावर किती वर्षं फुगून राहिले, काय सांगू! अल्लीपूरच्या बाजारात भेटलेल्या परक्या बायकांनाही सांगायची, आमच्या बाईंनी माझी पोळी नावाजली होती.

आता इकडचं ऐका. गेल्या नाताळाच्या आधी मला लकवा झाला. तोंड सुधारलं, ते तर सुधारणारच होतं, त्याच्यावाचून माझं चालत नाही. उजवा हात मात्र गेला. मूठ घट्ट मिटली आहे, उघडत नाही. तुमची वळत नव्हती, माझी उघडत नाही. देवाच्याही काय एकेक तऱ्हा. किती मागितलं मी त्याला! अहो, मी म्हटलं, पाय घे, तसंही मला कुठे जायचं आहे, पण हात दे, पहिल्या रविवारची पोळी आहे. हात तसाच. आताचा पाळक पोरगेला आहे, मोटरसायकलीवर येतो, जीवाचा चांगला. म्हणाला, "आजी, आता बेकरीतून पाव आनू." मी म्हटलं, "लेका, एक हात गेला. दुसरा अजून मंडळीतच हाये." तो हसला आणि बरं म्हणाला. पण मागे बसलेली एक बाई हळूच म्हणाली ते मी ऐकलं. "डाव्या हाताची? प्रभुभोजनाले?"

गेल्या रविवारी मी डाव्या हातानं कणीक मळली. परात पायांत धरली. लाटायला किती वेळ लागला ते विचारू नका. पोळी माझ्यापुढे पळत होती आणि मी तिच्यामागे. झाली एकदाची. फडक्यात गुंडाळली, नातीकडे दिली, म्हटलं, "तू ने, मी काठी टेकत येतो." देवळात माझा तुकडा मी तोंडात घातला. मऊ. पातळ, तेलाचं बोट लावलेली, तोंडात विरघळते आहे. आणि तुमचा आवाज माझ्या कानात असा आला की मी मागे वळून दाराकडे बघितलं. तुझी पोळी मऊ होते. बाई, इतक्या वर्षांनी त्या दिवशी मला ते ऐकू आलं. तुम्हाला कळलं होतं. पहिल्या घासालाच कळलं होतं.

इथे पोरीचा पेन थांबला आहे.

"काऊन थांबली व?"

"आजी, तुले कवा समजलं?"

"तोंडात टाकल्याबरोबर. दात गेले, जीभ हाये अजून."

"मंग पाच दिवस बोलली काऊन नाई?"

"पत्र लिहून घ्याचं होतं. आधी भांडलो असतो तं तू लिहिलं असतं का?"

ती रडायला लागली. म्हणाली, "लोक ताटात तशीच ठेवून देतील असं वाटलं मले. तुह्यासमोर." मी विचारलं, "लोक का तू?" ती उठली, मुठीचा डबा काढला, आणि पिठावर ठेवलेलं एक फडकं माझ्यापुढे आणून सोडलं. माझी पोळी. पाच दिवसांची, वाळून चपलेच्या तळासारखी झालेली. "फेकाची हिंमत नाई झाली," ती म्हणाली.

मी चहा टाकायला लावला. पोळी दोघींनी मोडली. म्हणजे तिनं मोडली, मी धरली. चहात बुडवून खाल्ली. दोनदा चावून पोरगी म्हणते, "आजी, खरं सांगू का? बेकार झाली व." खरंच झाली होती. मीठ दोनदा पडलं होतं, मधे कच्ची, कडेला करपलेली. आम्ही इतक्या हसलो की चहा सांडला. आणि हसता हसता मला वाटून गेलं, बाई, की तुम्ही ज्याला बसलेला म्हणायच्या तो इथेच कुठे तरी असेल. सांडलेल्या चहाच्या आसपास. नक्की सांगत नाही. पण एवढी वाईट पोळी मी कधी केली नव्हती, आणि इतक्या बिनघोर मनानं खाल्लीही नव्हती.

एक मात्र अजून उमगत नाही. तुम्ही गप्प राहिलात, डबा देऊन मोकळ्या झालात, आणि पुढे मरेपर्यंत दर महिन्याला माझ्या हातचा तुकडा घेत राहिलात. ते गिळायची ताकद तुमची नव्हती, हे मला कळतं. ज्याची होती त्यानंच दिली असेल. मग मला तो गप्प बसू का देत नाही? मी तर बोलून बसले. एकाच देवानं एकीचं तोंड मिटावं आणि दुसरीचं उघडावं, हे कसं काय? कदाचित बोटांसारखंच असेल, ज्याला जे दिलं त्यातच भागवायचं.

पुढच्या पहिल्या रविवारचं आमचं ठरलं आहे. मळणार मी, डाव्या हातानं. लाटणार ती. आणि पोळी मोडायच्या आधी मी उभी राहून सगळ्यांना सांगणार की ही कोणाच्या हातची आहे. मग बघायचं, कोण खातं आणि कोणाला नेमका तेव्हाच खोकला येतो. ते बघायची मला फार हौस आहे. भीतीही आहे, पण हौस जास्त.

हे पत्र कुठे टाकायचं ते पोरीनं विचारलं. मी म्हटलं, मुठीच्या डब्यात, पिठाखाली. मग तिनं मला ते पहिल्यापासून वाचून दाखवलं, आणि गोठ्याच्या जागी आली तेव्हा मी तिला थांबवलं. मंडळीनं तुमची पोळी तशीच ठेवली असती म्हणून मी बदलली, असं वर सांगितलं आहे मी. सासूबाईंचं नाव पुढे केलं आहे. त्या बिचाऱ्या बोलायच्या खूप, पण तुमच्या घरचा चहा दर बुधवारी पिऊन यायच्या. कदाचित त्यांनी पोळीही खाल्ली असती. मी त्यांना तशी संधीच दिली नाही. मी घरून निघाले तेव्हापासून उपाशी होते, पोळी फडक्यातून छातीला गरम लागत होती, वास चांगला येत होता, आणि ती तोंडात घालायचं माझंच मन झालं नाही, बाई. पोरगी विचारते, "हेबी लिहू?" लिही म्हटलं. आणि हेही लिही की बकरीनं शेवटचा तुकडासुद्धा सोडला नाही.