विरजण लागेना

४ नोव्हेंबर
नाशिकहून कोल्हापुरात आले आणि पहिल्याच संध्याकाळी दूध कट्ट्यावर, जिथे म्हशी आणून गिऱ्हाइकांसमोर धार काढतात, तिथे समोर पिळलेलं म्हशीचं फेसाळ दूध पेलाभर प्यायले! धार काढणाऱ्या आक्का माझ्याच घरमालकीण. सकाळी प्रयोगशाळेत रुजू झाले. उदयसिंह सरांनी काम समजावलं. बेडकाच्या कातडीत प्रथिनांचे चिमुकले तुकडे असतात, पेप्टाइड म्हणतात त्यांना. ते जंतूंच्या आवरणाला भोकं पाडतात. औषधांना न जुमानणारे जंतूही त्यांनी मरतात, माणसाच्या पेशींना मात्र धक्का नाही. सरांनी त्यात बदल करून नवं पेप्टाइड बनवलंय. मी फार खूश आहे.

१३ नोव्हेंबर
जंतू वाढवलेली काचेची बशी फुटून तर्जनी कापली होती. आता बोट सुजून निळं पडलंय. एकही अँटिबायोटिक लागू पडत नाही. डॉक्टर बोट काढायचं म्हणतात. सरांना विचारलं, आपलं पेप्टाइड लावू का? माणसावर अजून वापरलेलं नाही, म्हणाले. पण बाटली माझ्यासमोर ठेवून ते बाहेर गेले.

१६ नोव्हेंबर
पू थांबला, सूज उतरली! पट्टी आक्का बदलतात, उघड्या हातांनी. हातमोजे घाला म्हटलं तर हसल्या. “म्हशीच्या जखमा धुतल्यात ह्या हातानं. तुझ्या बोटाचं काय घिऊन बसलीस, पोरी!”

१९ नोव्हेंबर
मी हातानं ढवळून लावलेलं विरजण लागलं नाही. आज पुन्हा लावलं, तरी दूध पातळच. आक्का म्हणतात, थंडीनं. थंडी नव्हे. दह्याचे जंतू मरताहेत. माझ्या हातानं. आणि औषध तर मी दोन दिवसांपूर्वीच बंद केलंय.

२१ नोव्हेंबर
बोटाला भोकं पडलीत. सुईच्या टोकाएवढी. रक्त नाही, दुखत नाही. सरांना दाखवलं. ते खुर्चीसकट मागे सरकले. जंतू कुठला आणि माणूस कुठला, हे पेप्टाइडला आता कळत नसावं, एवढंच बोलले. माझ्याकडे न बघता.

२२ नोव्हेंबर
तळव्यावर. मनगटावर. सरांचा फोन बंद, प्रयोगशाळेला कुलूप. औषध नसताना वाढतंय — माझंच शरीर ते बनवतंय?

२३ नोव्हेंबर
कडी लावून बसलेय. आक्का दार वाजवतायत. आत येऊ नका, म्हणून ओरडले.

“आगं, उघड की! माझ्या बी बोटास्नी बारीक भोकं पडल्यात. दुखत न्हाईत, पर बघ तरी!”

आज धार कुणी काढली, विचारलं —

“मीच की! लई गर्दी हुती कट्ट्यावर. बारकी पोरं बी पेलं धरून हुबी —”

पोरं. ते दूध त्यांनी —