जोत्यावरून लोंबणारे पाय

४ फेब्रुवारी

आज घरात आलं — मऊ पांढरं कापड चार वार, सव्वादोन रुपये. (दुकानदार अडीचवर अडून बसला होता.) मेणकापड एक, पाऊण रुपया. साबणाच्या दोन वड्या, चाळीस पैसे. आणि कंपनीच्या ऑफिसातून जुन्या फोटोंचं खोकं — फुकट! फुकट म्हणजे काम आलंच.

कंपनीच्या गावाला चाळीस वर्षं होतात. क्लबात प्रदर्शन आहे. फोटो पुठ्ठ्यावर डकवायचे आणि खाली सुवाच्य अक्षरात दोन ओळी लिहायच्या. हेडक्लार्क म्हणाले, "वस्तीत मॅट्रिक झालेल्या बायका तीन. एकीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, दुसरी माहेरी गेलीय." म्हणजे राहिले मी!

कापड मात्र ठकीसाठी. सातवा सरला तिला. वीस तारखेला निघेल. लेकीचं पहिलं बाळंतपण, आईच्या हाताखालीच व्हायला हवं. मागची खोली रिकामी करायला घेतली आहे. देवा, सगळं नीट पार पाड.

६ फेब्रुवारी

फोटोंत जीव रमला. एकाच नळावर बायकांची ही गर्दी. एका खाटेचा दवाखाना. खाणीच्या तोंडाशी पहिल्या पाळीची माणसं — सगळ्यांचे चेहरे सारखेच काळे, बायकोलासुद्धा आपला नवरा ओळखू येऊ नये!

आणि आमच्या घरांची रांग. कंपनीचा फोटोवाला दरवर्षी पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर चढून एकाच जागेवरून आमच्या रांगेचा फोटो काढायचा. माणसं आपापल्या दारात. पहिल्या वर्षीच्या फोटोत बायका जोत्यावर बसल्या आहेत, पाय खाली लोंबताहेत. एकीची चप्पल निसटून खाली मातीत पडली आहे.

मी बाहेर जाऊन आमच्या जोत्यावर बसले. गुडघे हनुवटीला लागले.

७ फेब्रुवारी

ह्यांना फोटो दाखवला. हे खाणीच्या मोजणी खात्यात, मोजमापाचं ह्यांनाच विचारायचं. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "रस्त्यावर दरवर्षी राख टाकून धुमसाने चोपतात. रस्ता वर आला, झालं." मी म्हटलं, इतका? "फोटोत सगळंच उंच दिसतं. लग्नाच्या फोटोत तूसुद्धा माझ्या खांद्याला लागतेस!"

हसले. मीही हसले. असेल तसंच.

९ फेब्रुवारी

टोकाच्या घरातल्या काकूंकडे फोटो नेला. त्या पहिल्या दिवसापासून रांगेत आहेत. चप्पल पडलेली ती त्याच! "अगबाई, ही मी! लग्नाला महिना झाला नव्हता. जोत्यावरून धप्पकन उडी मारायचे. सासूबाई ओरडायच्या, माणसाची लेक आहेस की माकडाची?" हसून हसून ठसका लागला.

मग फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "तुझ्याकडून परत येताना हल्ली दम लागतो गं. चढ आहे तिथे."

म्हटलं, काकू, वय झालं.

"वय माझं झालं. चढ कुठून आला?"

१० फेब्रुवारी

सकाळपासून एकच डोक्यात — रस्ता वर आला तर जोतं बुडेल. पण छपरं कशी वाकतील?

फोटो वर्षांप्रमाणे जमिनीवर मांडले. शिवणाचा दोरा ताणून छपराच्या कण्यावर धरला. पहिल्या वर्षी दोरा आणि छप्पर एक. पुढे मध्यावर बारीक फट. मग बोटभर. रांगेच्या मध्यावर घर कुणाचं? आमचं.

दुपारी मी स्वतः टाकीच्या चौथऱ्यावर चढले. दोन हातांत दोरा, एक डोळा मिटलेला. खालून पंपवाला ओरडला, "काय वहिनी, पतंग उडवताय?" काय सांगणार! दोऱ्याखाली आमची रांग झोळीसारखी खाली आली होती.

११ फेब्रुवारी

दिव्यातलं तेल नेहमी एका बाजूला जमतं. देवाच्या फळीखाली मी जुन्या कागदाची घडी सरकवते — सुताराच्या नावाने बोटं मोडत. आज सगळ्या घड्या बाहेर काढल्या. जाडजूड गठ्ठा निघाला! सगळ्या माझ्याच हातच्या.

देवा, तू इतकी वर्षं दाखवत होतास. आणि मी तुझ्याखाली कागद सारत बसले.

१२ फेब्रुवारी

हेडक्लार्क आले. रांगेचे सगळे फोटो वेगळे काढून बगलेत मारले. "हे नकोत, वहिनी. बाग, दवाखाना, शाळा लावा. मोठे साहेब म्हणाले, ह्यांत गरिबी दिसते."

गरिबी? सगळे धुतलेल्या कपड्यांत उभे आहेत! मी विचारलं, साहेबांनी फोटो कधी पाहिले? खोकं तर माझ्याकडे होतं.

दारात थांबले. "तुम्ही टाकीवर चढला होतात म्हणे," एवढंच बोलले. चहाला थांबले नाहीत.

१३ फेब्रुवारी

जेवताना ह्यांना सरळ विचारलं — आपल्या रांगेखाली खणलंय का?

हात थांबला. "खाणीतलं घरी बोलायचं नसतं."

म्हटलं, बोलू नका. खणलं नसेल तर नुसतं 'नाही' म्हणा.

म्हणाले नाहीत. ताटातलं तसंच टाकून उठले. लग्न झाल्यापासून ह्यांनी ताटात कण टाकलेला मी पाहिलेला नाही.

१४ फेब्रुवारी

ठकीला कार्ड लिहिलं. आमच्या स्टेशनावर आगगाडी आठवड्यातून दोनदा, उद्याच्या गाडीने जाईल.

खरं कसं लिहू? कार्ड उघडं. पोस्ट कंपनीचं, तिथल्या बाबूला वस्तीची सगळी पत्रं तोंडपाठ. लिफाफा घ्यावा म्हटलं, तर तोही कुणाच्या हातून जाणार! लिहिलं — माझी कंबर धरली आहे, उठवत नाही. बाळंतपण मला झेपायचं नाही. तू सासूबाईंजवळच राहा, बाळाला बघायला मी येईन.

खोटं लिहिलं. देवासमोर बसून लिहिलं, म्हणजे निदान त्याच्यापासून लपवलं नाही.

१६ फेब्रुवारी

मागच्या खोलीचं दार उघडेना. खांदा लावून ढकललं. आत पाऊल टाकलं आणि वाळू सांडल्यासारखा आवाज आला. भिंतीतून नव्हे. फरशीखालून. मग सगळं शांत. बाळाचे कपडे उचलून पुढच्या खोलीत आणले.

१९ फेब्रुवारी

गाडीने ठकीचं उत्तर आलं, सतराला लिहिलेलं.

"आई, तू अंथरूण धरलंस आणि मी इथे आरामात लोळत पडू? तुझ्याजवळ आहे कोण? बाबांना तर नाकावरचा चष्मा सापडत नाही! वीस तारखेची वाट बघत नाही. उद्याच निघते. जंक्शनला मावशीकडे उतरेन आणि तिथून मिळेल ती गाडी पकडेन. माझी काळजी करू नकोस, मी धडधाकट आहे."

तिला लांब ठेवायला खोटं बोलले. त्याच खोट्याने तिला ओढून आणलं!

कार्ड ह्यांच्या हातात दिलं. दोनदा वाचलं. डबा न घेताच बाहेर पडले.

२२ फेब्रुवारी, स्टेशन

जंक्शनच्या धाकट्या बहिणीला जे लिहिलं तेच इथे उतरवून ठेवते —

"एकोणीस तारखेला हे कामावर गेलेच नाहीत. रांगेत दारोदार गेले. म्हणाले, 'खाली पोकळ आहे. मीच मोजलंय. बाहेर पडा.' सगळे बाहेर आले. मग साहेबांची माणसं आली. म्हणाली, मोजणीबाबूचं डोकं फिरलंय. एकेक करत सगळे परत आत गेले. ह्यांची नोकरी गेली. घर कंपनीचं, तेही गेलं. आम्ही ट्रंकेवर बसून आहोत. हे रोज रांगेत जाऊन ओरडून येतात, लोक दारं लावून घेतात ह्यांच्या तोंडावर. आजच्या गाडीतून ठकी उतरली नाही. तुझ्याकडे असेल तर तिला घट्ट धरून ठेव. माझी कंबर ठणठणीत आहे, सांग तिला. ती तुझ्यापाशी पोचली का, एवढंच उलट टपाली कळव. स्टेशनमास्तरांच्या नावे लिही. आम्हाला आता पत्ता नाही."